शिवाराचं पंचांग आणि आपलं नाक

ऑक्टोबरात मराठवाड्यात आणि विदर्भात सोयाबीनच्या मळण्या सुरू झाल्या की गावाभोवती दिवसभर करड्या-पिवळ्या धुळीचा पट्टा तरंगत राहतो. मळणीयंत्राच्या तोंडाशी पीक ढकलणारा गडी, खाली पोत्याचं तोंड धरून बसलेली बाई, भुसकटाचा ढीग मागे ओढणारा पोरगा. तिघांच्याही पापण्यांवर ती धूळ बसलेली असते. संध्याकाळी घरी गेल्यावर त्यांतल्या एखाद्याला शिंकांवर शिंका येतात, डोळे चोळून चोळून लाल होतात, नाकाचं पाणी थांबत नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं : हवा बदललीय.

हवेत नेमकं काय बदललं, हे शोधून काढता येतं. स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात 1981 ते 1987 या काळात अधूनमधून एखाद्या दिवशी रुग्णालयांत दम्याच्या रुग्णांची एकाएकी रीघ लागायची. कारण सापडेना. शेवटी डॉक्टरांनी त्या दिवसांच्या तारखा घेतल्या आणि बंदरातल्या नोंदींशी ताडून पाहिल्या. त्या त्या दिवशी बंदरात जहाजांतून सोयाबीन उतरवलं जात होतं. रुग्णांच्या रक्तातही सोयाबीनच्या धुळीविरुद्ध तयार झालेली प्रतिद्रव्यं आढळली. धान्य साठवण्याच्या कोठारावर धूळ अडवणारी गाळणी बसवली गेली आणि शहरातल्या त्या साथी थांबल्या.

तारखा ताडून पाहणं, एवढीच त्या शोधाची किल्ली होती. ती गावात राहणाऱ्या प्रत्येकाच्या हाताशी आहे. कुठलं पीक कधी फुलतं, कधी काढणीला येतं, कुठलं गवत कधी तुऱ्यावर येतं, हे शेतकऱ्याला तोंडपाठ असतं. त्या पंचांगाशेजारी आपल्या त्रासाच्या तारखा मांडल्या की ‘हवा बदलली’ या मोघम तक्रारीतून एखादं ठरावीक कारण वर येतं. कारण कळलं की आधीपासून तयारी करता येते. हे प्रकरण त्या तयारीबद्दल आहे.

नाकात काय घडतं?

परागकण, बुरशीचे बीजाणू, भुसकटाची धूळ हे सगळं आपण रोज श्वासाबरोबर आत घेतो आणि बहुतेकांचं शरीर त्याकडे लक्षही देत नाही. काहींच्या शरीराला मात्र त्यातली ठरावीक प्रथिनं घातक वाटतात. त्यांच्याविरुद्ध ‘आयजीई’ नावाची प्रतिद्रव्यं तयार होतात आणि नाकाच्या, डोळ्यांच्या, श्वासनलिकांच्या अस्तरातल्या मास्ट पेशींवर जाऊन चिकटतात. या टप्प्यावर माणसाला काहीच जाणवत नाही. म्हणूनच ‘इतकी वर्षं याच मातीत वावरतोय, मला आताच कशी ॲलर्जी होईल?’ हा प्रश्न रास्त वाटला तरी त्याचं उत्तर सोपं आहे : शरीराची ही तयारी गुपचूप, कधी कधी अनेक वर्षं चाललेली असते.

पुढे तोच कण पुन्हा आला की त्या पेशी काही मिनिटांत हिस्टामाइन सोडतात. खाज, शिंका, पाणी हे सगळं त्याचं काम. काही तासांनी दुसरी लाट येते. रक्तातल्या इतर पेशी अस्तरात जमा होतात, अस्तर सुजतं, नाक चोंदतं. दुपारी मळणीवर शिंका आणि रात्री झोपताना बंद नाक, असा जो क्रम दिसतो तो या दोन लाटांमुळे. औषधं निवडताना हा क्रम उपयोगी पडतो. त्याबद्दल पुढे येईलच.

साध्या सर्दीपासून ही वेगळी कशी ओळखायची? सर्दीत बहुधा अंग दुखतं, कसकस असते, स्राव घट्ट होत जातो आणि आठ-दहा दिवसांत ती बरी होते. ॲलर्जीत ताप नसतो. नाक, डोळे, टाळू खाजतात, पाणी पातळ राहतं, आणि कारण हवेत असेपर्यंत आठवडेच्या आठवडे त्रास चालू राहतो. पुढल्या वर्षी त्याच सुमाराला तो परत येतो, ही तिची सगळ्यात मोठी खूण.

गावाची हवा चांगली, तरीही

परागकणांमुळे हा आजार होतो, हे प्रयोगांनी दाखवून देणारा माणूस म्हणजे मँचेस्टरचा डॉक्टर चार्ल्स ब्लॅकली. त्याला स्वतःलाच दर उन्हाळ्यात हा त्रास व्हायचा. चिकट लेप दिलेल्या काचा त्याने उघड्यावर ठेवल्या, पतंगांना बांधून उंच हवेतही सोडल्या, आणि त्यांवर अडकलेले गवताचे पराग सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. 1873 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकात एक निरीक्षण आहे, ज्याने पुढची शंभरहून अधिक वर्षं संशोधकांना विचार करायला लावलं : गवताच्या परागांत सर्वांत जास्त वावरणाऱ्या शेतकऱ्यांना हा आजार क्वचितच होतो.

2016 साली अमेरिकेतल्या दोन शेतकरी समाजांच्या मुलांची तुलना प्रसिद्ध झाली. आमिश आणि हटराइट हे दोन्ही मूळचे युरोपातले, आनुवंशिकदृष्ट्या जवळचे. आमिश लोक घरालगत गोठा ठेवून पारंपरिक पद्धतीने शेती करतात. हटराइटांची शेती यंत्रांची, आणि गुरं वस्तीपासून लांब. आमिश मुलांमध्ये दम्याचं प्रमाण सुमारे 5 टक्के होतं, हटराइट मुलांमध्ये सुमारे 21 टक्के. गोठ्यातल्या जिवाणूंशी लहानपणापासून येणारा संबंध प्रतिकारशक्तीला वळण लावत असावा, असा त्याचा अर्थ लावला जातो.

यावरून ‘गावात राहिलं की ॲलर्जी होत नाही’ असं म्हणून मोकळं होता येत नाही. हे संरक्षण आयुष्याच्या सुरुवातीच्या काळात मिळतं आणि तेही प्रत्येकाला पुरत नाही. नोकरी संपवून पन्नाशीत गावी परतलेल्या माणसाला, लग्न होऊन शहरातून आलेल्या सुनेला, किंवा जन्मापासून गावात असूनही घरात दम्याचा वारसा असलेल्या मुलाला गोठा तारून नेईल असं नाही. त्याला ‘शहरी नाक’ म्हणून हसण्यात काही हशील नसतं. त्याचा त्रास खरा असतो.

महिन्यामागून महिने

आपल्या शिवाराचं वर्ष ॲलर्जीच्या नजरेने पाहू. ठिकाणाप्रमाणे पंधरवडा-महिना इकडेतिकडे होईल.

आषाढ-श्रावणात हवेतले पराग पावसाने खाली बसतात आणि बुरशी डोकं वर काढते. ओल धरलेल्या भिंती, कोठीतलं दमट धान्य, भिजलेला कडबा, गोठ्याचे ओलसर कोपरे, सगळीकडून अल्टरनेरिया, क्लॅडोस्पोरियम, ॲस्परजिलस या बुरशींचे बीजाणू हवेत मिसळतात. याच दिवसांत गाद्या-गोधड्यांमध्ये माइट वाढतात. हे कोळ्याच्या कुळातले डोळ्यांना न दिसणारे जीव माणसाच्या त्वचेच्या गळालेल्या कणांवर जगतात आणि दमट हवेत फोफावतात. पावसाळ्यात सकाळी उठल्या उठल्या शिंका येत असतील तर पहिला संशय अंथरुणावर घ्यावा.

भाद्रपद-आश्विनात पाऊस ओसरतो आणि माळावरची, बांधावरची गवतं तुऱ्यावर येतात : पवना, मारवेल, कुसळी, हरळी. गवतांचं परागण वाऱ्यावर चालतं. त्यांचे पराग हलके, कोरडे आणि अमाप असतात, म्हणून ते नाकापर्यंत पोचतात. पाठोपाठ सोयाबीनची मळणी येते. कोकणात, मावळात भात झोडणी सुरू होते आणि पेंढ्याचा कोंडा उडतो.

दिवाळीनंतर उसाचा गळीत हंगाम. पाचट जाळल्याचा धूर ही ॲलर्जी नसली तरी आधीच सुजलेल्या श्वासनलिकांना तो सोसत नाही. माघ-फाल्गुनात ज्वारी, हरभरा, गहू यांची काढणी येते. याच सुमाराला आंब्याला मोहोर असतो आणि नाकाच्या सगळ्या तक्रारींचं खापर त्याच्यावर फुटतं. मोहोराचं परागण माश्या-कीटकांकडून होतं; त्याचे पराग जड, चिकट असल्याने फार लांब उडत नाहीत. बागेतच वावरणाऱ्यांना त्रास होऊ शकतो, उग्र वासानेही काहींचं नाक चाळवतं; पण आमराईपासून लांब राहणाऱ्याने मोहोराआधी ज्वारीच्या मळणीकडे पाहावं. पुढे चैत्र-वैशाखात वावटळींची धूळ असते आणि वेड्या बाभळीसारख्या झाडांचे पराग असतात.

एक साधी वही पुरते. तारीख, त्रास कुठे (नाक, डोळे, छाती की त्वचा), त्या दिवशी केलेलं काम, शिवारात काय चाललं होतं, आणि घेतलेलं औषध. एक वर्ष नीट भरलेली ही वही डॉक्टरांसमोर ठेवली तर निदानाची निम्मी वाट तिथेच सरते.

गाजर गवताचं प्रकरण

एका वनस्पतीबद्दल स्वतंत्र लिहायलाच हवं. गाजर गवत, काँग्रेस गवत, चटक चांदणी अशा नावांनी ओळखली जाणारी ही अमेरिका खंडातली वनस्पती 1955-56च्या सुमारास पुण्यात नोंदली गेली. आयात धान्यातून तिचं बी आलं असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. तिथून ती देशभर पसरली. उगवल्यापासून चारेक आठवड्यांत ती फुलू शकते आणि एका मोठ्या झाडाला हजारोंनी बिया धरतात.

हिचा उपद्रव दोन प्रकारचा आहे. परागांमुळे नाकाचा त्रास होतो. त्याहून चिवट त्रास त्वचेचा : पानांवरच्या बारीक लवेत पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं आणि वाळलेल्या झाडाचे कण हवेतून अंगावर बसतात. पापण्या, मान, कोपराच्या खळग्या अशा उघड्या आणि घाम साचणाऱ्या जागी आधी खाज, लाली येते. वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालं तर कातडी काळी, जाड, सुरकुतलेली होते. अशा माणसाला ‘उन्हाने होतंय’ किंवा ‘गजकर्ण झालंय’ असं सांगून मलमांवर मलमं दिली जातात. हा त्रास वेगळ्या यंत्रणेने होतो, म्हणून त्याची तपासणीही वेगळी : पाठीवर पट्ट्या लावून दोन ते चार दिवसांनी पाहणारी पॅच टेस्ट. ती त्वचारोगतज्ज्ञ करतात.

हे गवत उपटायचं तर पावसाने जमीन मऊ असताना आणि फुलं येण्याआधी, मुळासकट. हातात मोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, नाकातोंडाला मास्क हवा. ज्याला आधीच त्रास आहे त्याने या कामाला हातच लावू नये. फुलावर न आलेलं गवत खड्ड्यात कुजवून खत करता येतं. मोकळ्या जागी टाकळ्याचं बी फेकलं तर तो दाट वाढून गाजर गवताला दाबतो. याशिवाय मेक्सिकन भुंगेरे आहेत. 1983 साली बंगळूरला आणून, तपासणी करून ते पुढे सोडण्यात आले. पावसाळ्यात हे भुंगेरे आणि त्यांच्या अळ्या गाजर गवताची पानं फस्त करतात. दरवर्षी 16 ते 22 ऑगस्टला देशभर गाजर गवत जागृती सप्ताह पाळला जातो. त्या आठवड्यात गावाने शाळेभोवतीचा, पाणवठ्याजवळचा आणि रस्त्याकडेचा पट्टा जरी साफ केला तरी मोठं काम होतं. एकट्याने आपला बांध स्वच्छ करून भागत नाही, कारण शेजारच्या पडीकातून बी येतच राहतं.

संपर्क कमी करणं

शेती सोडून देता येत नाही, त्यामुळे ‘धुळीपासून दूर राहा’ हा सल्ला गावात निरुपयोगी ठरतो. धूळ किती आणि किती वेळ नाकात जाते, हे मात्र हातात असतं.

मळणीयंत्र उभं करताना वाऱ्याची दिशा पाहावी. भुसकटाचा झोत वस्तीच्या आणि काम करणाऱ्यांच्या उलट बाजूला जायला हवा. उफणताना वारा पाठीमागून घ्यावा. ज्याला त्रास आहे त्याने यंत्राच्या तोंडाशी किंवा भुसकटाच्या बाजूला उभं राहण्याऐवजी वाहतुकीचं, पोती शिवण्याचं काम घ्यावं. नाकाभोवती नीट बसणारा एन-95 मास्क सर्वांत उपयोगी. उपरणं किंवा ओढणी जाडसर धूळ अडवते, बारीक कण तिच्यातून आत जातात. डोळ्यांना बाजूने बंद असलेला चष्मा लावावा.

घरी आल्यावर कामाचे कपडे बाहेरच काढून डोक्यावरून आंघोळ करावी. केसांत बसलेली धूळ उशीवर गेली तर रात्रभर तीच नाकात जाते. परागांच्या दिवसांत कपडे शिवाराकडच्या दोरीवर वाळत घालू नयेत. गोधड्या-चादरी आठवड्याला कढत पाण्यात धुवाव्यात, गाद्यांना कडक ऊन द्यावं, झटकण्याचं काम मात्र त्रास नसलेल्याने करावं. झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावं. चुलीच्या धुराला बाहेर वाट हवी.

मिठाच्या पाण्याने नाक धुतल्याने बराच आराम पडतो. जलनेती करणाऱ्यांना हे ठाऊक आहे. एक नियम मात्र पाळायलाच हवा : पाणी उकळून कोमट केलेलं असावं. विहिरीचं किंवा नळाचं कच्चं पाणी नाकात घेऊ नये. त्यातले काही सूक्ष्म जीव नाकावाटे मेंदूपर्यंत पोचल्याच्या घटना घडल्या आहेत. त्या दुर्मीळ असल्या तरी जिवावर बेतणाऱ्या असतात.

औषधं : कोणतं, कधी, कसं

मघाच्या दोन लाटा आठवा. शिंका, खाज, पाणी या पहिल्या लाटेवर हिस्टामाइन रोखणाऱ्या गोळ्या चालतात. सर्दीच्या जुन्या गोळ्यांमध्ये असणारं क्लोरफेनिरामाइन गुंगी आणतं. ते घेऊन ट्रॅक्टर चालवणं, कडबाकुट्टीत वैरण सारणं किंवा विहिरीच्या काठावर मोटारीचं काम करणं म्हणजे हात-पाय, कधी जीवही, धोक्यात घालणं. फेक्सोफेनाडिन किंवा लोराटाडिनसारख्या नव्या गोळ्यांनी झोप फारशी येत नाही. सेटिरिझिनने काहींना येते. कामावर जाणाऱ्याने डॉक्टरांना आपलं काम काय आहे ते आवर्जून सांगावं.

चोंदलेल्या नाकावर, म्हणजे दुसऱ्या लाटेवर, फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनसारख्या स्टेरॉइडचा नाकात मारायचा फवारा जास्त गुणकारी असतो. मात्र तो पहिल्याच दिवशी जादू करत नाही. पूर्ण गुण यायला काही दिवस ते दोन आठवडे लागतात आणि तो रोज घ्यावा लागतो. इथे वही कामाला येते. सोयाबीनच्या मळणीत दरवर्षी त्रास होत असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन आठवडे आधीच फवारा सुरू करता येतो. घेण्याची रीतही महत्त्वाची : आधी नाक शिंकरून मोकळं करावं, मान किंचित पुढे झुकवावी, उजव्या नाकपुडीसाठी डावा आणि डावीसाठी उजवा हात वापरावा, आणि फवाऱ्याचं तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे न धरता बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेने धरावं. मग हलका श्वास घ्यावा. जोरात ओढलं तर औषध घशात जातं. पडद्यावर फवारा मारत राहिल्याने रक्त येतं आणि लोक औषधालाच नावं ठेवतात.

झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन यांचे थेंब नाक क्षणात मोकळं करतात, म्हणून दुकानातून सर्रास नेले जातात. चार-पाच दिवसांपुढे ते वापरले तर त्यांच्यामुळेच नाक चोंदू लागतं आणि थेंबांशिवाय झोप येईनाशी होते. डोळ्यांसाठी स्टेरॉइडचे थेंब परस्पर आणून घालणं त्याहून घातक. त्यातून काचबिंदू होऊ शकतो.

‘एक सुई घेतली की हंगाम निघतो’ असं गावोगाव ऐकू येतं. ती सुई बहुतेक वेळा स्टेरॉइडची असते. आराम पडतो हे खरं, पण वारंवार घेतल्याने साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, जंतुसंसर्गाशी लढण्याची ताकद घटते. नाकातल्या फवाऱ्यातली मात्रा त्यामानाने अगदी थोडी असते आणि औषध जागच्या जागी काम करतं. सुईचं नाव कागदावर लिहून मागणं हा रुग्णाचा हक्क आहे.

कारण पक्कं कळलं आणि औषधांनी भागत नसेल तर इम्युनोथेरपीचा पर्याय असतो. ज्याची ॲलर्जी आहे तोच पदार्थ अगदी थोड्या मात्रेपासून वाढवत देऊन शरीराला सवय लावायची, अशी ही पद्धत. लेनर्ड नून याने गवताच्या परागांवर ती करून 1911 साली लंडनमध्ये प्रसिद्ध केली. ती साधारण तीन वर्षं चालते आणि प्रशिक्षित तज्ज्ञाकडेच घ्यावी लागते. इंजेक्शननंतर अर्धा तास तिथेच थांबणं बंधनकारक समजावं, कारण क्वचित तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते.

नाकावरून छातीवर

नाक आणि फुप्फुसं ही एकाच वाटेची दोन टोकं आहेत. नाकाची ॲलर्जी असणाऱ्यांना दमा होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. रात्री किंवा पहाटे खोकला, छातीत घरघर, चढावर दम लागणं ही लक्षणं दिसली तर दम्याची तपासणी करावी. डॉक्टरांनी पंप सांगितला तर घाबरून नकार देऊ नये. ‘पंपाची सवय लागते’ हा समज निराधार आहे. पंपातलं औषध थेट श्वासनलिकेत पोचतं, म्हणून ते थोडकं पुरतं.

बुरशी आलेला कडबा किंवा उसाचा जुना चोथा हाताळल्यावर चार ते आठ तासांनी थंडी वाजून ताप, कोरडा खोकला आणि दम येत असेल, तर ही ॲलर्जी वेगळ्या जातीची असते. ती फुप्फुसाच्या खोल भागाला इजा करते आणि पुन्हा पुन्हा झाल्यास ती इजा कायमची राहते. ताप मलेरियाचा समजून सोडून देऊ नये. त्या दिवशी काय हाताळलं ते सांगावं. दोन आठवड्यांपुढे गेलेला कोणताही खोकला ॲलर्जीचा मानण्याआधी क्षयरोगासाठी थुंकी तपासून घ्यावी; सरकारी आरोग्य केंद्रात ही सोय मोफत असते.

एक वाक्य सलग बोलता येत नाही, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, ओठ निळसर पडतात, पंप घेऊनही आराम नाही, अशा वेळी वाट पाहू नये. 108ला फोन करावा.

आता राहतो तो ज्याच्या हातात वही नाही त्याचा प्रश्न. मळणीच्या सगळ्यात धुळकट जागी बहुधा मजूर उभा असतो, आणि पोत्यापाशी मजूर बाई. जागा बदलून मागण्याची, एक दिवस घरी बसण्याची मुभा त्यांना नसते. बियाणं, खत, डिझेल यांचा हिशोब मांडताना शेतमालकाने मास्क आणि चष्मे त्याच यादीत लिहावेत, यंत्रवाल्याला भुसकटाच्या तोंडाला लांब नळी लावायला सांगावं, आणि ज्याची छाती वाजते त्याला त्याच मजुरीवर दुसरं काम द्यावं. एका पोत्याच्या किमतीत हंगामभराचे मास्क येतात. हा खर्च मळणीच्याच खर्चात धरायला हवा.